गांगुर्डेंची चूळ

माझ्या नवऱ्याच्या हातून आयुष्यात एकच मोठी चूक झाली, आणि तीही मोजूनमापून झाली. बाकीची माणसं घाईत चुकतात, विसरून चुकतात, आळसानं चुकतात. आमचे गांगुर्डे मिलिलीटरमध्ये चुकले.

गांगुर्डे म्हणजे जयराम गांगुर्डे, माझे यजमान. तोंडावर मी त्यांना ‘अहो’ म्हणते, पण दुसऱ्या कोणाशी त्यांच्याबद्दल बोलायचं झालं की आडनावच येतं. त्यांचा रुबाबच तसा. सातपूरच्या एका कारखान्यात ते क्वालिटीत आहेत. गाड्यांना लागणारे लोखंडी बुश, म्हणजे कड्यांसारखे पोकळ तुकडे, तिथे बनतात आणि ते मापात आहेत की नाहीत हे गांगुर्डे बघतात. हातात मापं घ्यायचं व्हर्नियर, कपाळाला आठी, आणि तोंडात तीनच शब्द. माल मापात असला तर ‘ओके’, दुरुस्त होण्याजोगा असला तर ‘रीवर्क’, आणि कामातून गेलेला असला तर ‘रिजेक्ट’. हे तिन्ही शब्द घरीही चालतात. माझी भाकरी ओके असते, आमटी बऱ्याचदा रीवर्कला जाते, आणि माझा भाऊ त्यांनी पहिल्याच भेटीत रिजेक्ट केलेला आहे.

मला बघायला आले तेव्हाची गोष्ट सांगते. चहा झाला, पोहे झाले. माझ्या वडिलांनी विचारलं, “मग, काय वाटलं?” तर हे गृहस्थ दाराकडे बघून म्हणाले, “चौकट ओळंब्यात नाही. डावीकडं झुकलीय.” वडिलांना वाटलं, स्थळ गेलं. आत आईनं डोळ्याला पदर लावला. मला मात्र फार हसू आलं. खरंच झुकलेली होती चौकट, आणि ती लहानपणापासून फक्त मलाच दिसत होती.

अशा या सगळं मोजणाऱ्या माणसानं स्वतःचा रक्तदाब मात्र कधी मोजला नाही. डोकं दुखायचं, तर म्हणायचे मशीनच्या आवाजानं दुखतंय. कंपनीच्या तपासणीत कळलं तोवर दोन्ही किडन्या गेल्यात जमा होत्या. मग डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीनदा त्या खुर्चीत बसायचं, दंडातून रक्त बाहेर काढायचं, मशीननं धुऊन परत आत सोडायचं. कंपनी भली निघाली, त्यांना बसून करायचं काम दिलं. आणि डॉक्टरांनी दिलं पथ्य.

पथ्य म्हणजे काय, तर दिवसाचं पाणी एक लीटर, चहा आणि आमटीसकट. मीठ नावाला. फळं जवळजवळ नाहीतच. भाज्या चिरून, उकळून, ते पाणी ओतून द्यायचं आणि उरलेला चोथा गोड मानून खायचा. दुसरा कोणी असता तर रडला असता. गांगुर्डेंना जणू त्यांच्या लायकीचं काम मिळालं. त्यांनी स्टीलच्या पेल्याला कानशीनं खुणा पाडल्या, एकेका खुणेपर्यंतच पाणी घ्यायचं. द्राक्षांच्या दिवसांत नाशकात राहून त्यांनी एक मणी तोंडात टाकला नाही. रविवारी सगळी कॉलनी मिसळ खायला निघायची तेव्हा हे गॅलरीत उभे राहून नुसता वास घ्यायचे, आणि तोही बेतानं. डायलिसिसच्या खोलीत नर्स बाकीच्या पेशंटना सुनवायच्या, “जरा गांगुर्डेकाकांकडे बघा!” हे ऐकून घरी आले की दोन दिवस छाती पुढे काढून चालायचे.

दोन वर्षं अशी गेली आणि मी ठरवलं की माझी एक किडनी त्यांना द्यायची. आमच्यात पत्रिका बघत नाहीत. लग्नात न जुळवलेलं सगळं मग डॉक्टरांनी जुळवून घेतलं. रक्तगट जुळला, पुढच्या सगळ्या तपासण्या जुळल्या. परवानगीच्या समितीसमोर एका साहेबांनी विचारलं, “तुमच्यावर कोणाचा दबाव नाही ना?” मी म्हटलं, “साहेब, या घरात दबाव असलाच तर माझा असतो.” ते हसले आणि त्यांनी सही केली. तारीख मिळाली. संजना, आमची लेक, पुण्याला नोकरीला असते, तिनं रजा टाकली.

आणि तारखेच्या तोंडावर ऑपरेशन थांबलं.

झालं असं की गांगुर्डेंना अधूनमधून कणकण यायची. अंग गरम, थोडा थकवा, दुसऱ्या दिवशी ठीक. ऑपरेशनआधीच्या रक्ततपासणीत शरीरातली सूज दाखवणारा एक आकडा भलताच चढलेला निघाला. वर हृदयाची सोनोग्राफी झाली, तीत दिसलं की हृदयाची भिंत जाड झालीय आणि पंप मागच्या वर्षीपेक्षा हलका मारतोय. किडनीचे डॉक्टर शांत माणूस. त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून सरळ सांगितलं.

“किडनी गेलेला माणूस बहुतेक वेळा किडनीनं जात नाही, हृदयानं जातो. तुमच्या शरीरात कुठंतरी जंतूंचं ठाणं आहे. नवी किडनी बसवली की तिला शरीरानं हाकलू नये म्हणून प्रतिकारशक्ती कमी करायची औषधं द्यावी लागतात. तेव्हा हे ठाणं मोकाट सुटेल. ते शोधून साफ केल्याशिवाय मी ऑपरेशन करणार नाही. आणि फार थांबूनही चालणार नाही. हृदय आणखी थकलं तर भूल देणारे डॉक्टर परवानगी देणार नाहीत. मग जन्मभर डायलिसिस, जितकं हृदय साथ देईल तितकं.”

बाहेर आल्यावर गांगुर्डेंनी रिक्षा थांबवली. रिक्षात त्यांनी माझा हात धरला. लग्नाच्या इतक्या वर्षांत त्यांनी चारचौघांत माझा हात धरल्याचं मला आठवत नाही. मला त्या रिक्षात पहिल्यांदा वाटलं की हा माणूस आपल्या हातातून जाऊ शकतो.

मग शोध सुरू झाला. छातीचा फोटो झाला, स्वच्छ. दंडावरची डायलिसिसची शीर तपासली, स्वच्छ. पोट, लघवी, कान, नाक, घसा सगळं झालं. कुठे काही सापडेना. काखेत कळसा आणि गावाला वळसा कसा असतो ते मी त्या दिवसांत पाहिलं. शेवटी डॉक्टर म्हणाले, “दातांच्या डॉक्टरांकडून तपासून या. खरं तर ते आधीच व्हायला हवं होतं.”

गांगुर्डेंना राग आला. “माझ्या दातांना काय धाड भरलीय? एकाला कीड नाही. एकदा दुखला नाही. अजून ऊस सोलतो मी दातांनी.”

“कधी सोललात? दोन वर्षांत उसाचं चिपाड तरी बघितलंय का?”

“बघितलं नाही ते पथ्य म्हणून. सोलता येत नाही म्हणून नाही.”

दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात, त्यातली गत. हिरडीतून रक्त यायचं ते मला ठाऊक होतं, उशीच्या अभ्र्यावर डाग दिसायचे. पण डायलिसिसला रक्त पातळ करायचं इंजेक्शन देतात, त्यानं येतं म्हणायचे. तोंडाला वास यायचा, तो या आजारात येतोच असं सगळेच सांगत. प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार होतं, त्यामुळे प्रश्नच कोणी विचारला नव्हता.

गंगापूर रोडला डॉक्टर निकितांचा दवाखाना आहे. वयानं आमच्या संजनाएवढी मुलगी, पण बोलणं पिकलेलं. तिनं गांगुर्डेंना खुर्चीत निजवलं. मी बाजूच्या स्टुलावर. ती मदतनीस बाईंना म्हणाली, “ताई, तो किडनी ट्रे द्या.” मी दचकले. बघते तर स्टीलचं बाकदार भांडं, थुंकायला धरतात ते. त्याचा आकार किडनीसारखा म्हणून दवाखान्यात त्याला तेच नाव.

गांगुर्डे खुर्चीतून म्हणाले, “किडन्या इथं तयार मिळतात होय? उगाच बायकोच्या मागं लागलो.”

मग तोंड उघडलं आणि विनोद संपला. डॉक्टर एक बारीक बोथट सळई दात आणि हिरडीच्या मध्ये हलकेच सरकवायची आणि आकडा सांगायची. मदतनीस लिहून घ्यायची. “चार. पाच. सहा. चार. सात. सात.”

गांगुर्डेंचा हात वर गेला. शाळेत पोरगा करतो तसा. डॉक्टर थांबली. “दुखलं का काका?”

“नाही. कशात मोजताय?”

“मिलिमीटरमध्ये.”

गांगुर्डे उठून बसले. “गेज दाखवा बघू.” तिनं ती सळई दाखवली. तिच्यावर बारीक काळे पट्टे होते. त्यांनी ती दिव्याखाली धरली, एक डोळा मिटून बघितली, आणि दोन वर्षांत मी पाहिला नव्हता तो कपाळाच्या आठीचा थाट परत आला. “टॉलरन्स किती?”

मला वाटलं आता ही पोरगी आम्हाला बाहेर काढते. पण तिचा बापही बहुतेक कारखान्यातलाच असावा. ती म्हणाली, “तीनपर्यंत ठीक. दाताभोवती हिरडीची कॉलर असते, तिची खोली तीनपर्यंत असते. त्याच्या पुढे गेली म्हणजे हिरडी दातापासून सुटली. त्या खिशात जंतू राहतात.”

“आणि सात?”

“सात म्हणजे खाली हाडही झिजायला लागलंय.”

गांगुर्डे हळूच म्हणाले, “सात म्हणजे लॉटच्या लॉट गेला.” आणि पुन्हा आडवे झाले.

दुखत नव्हतं म्हणून त्यांचा दातांवर विश्वास होता. डॉक्टर म्हणाली, हाच या रोगाचा डाव. कीड ओरडते, हिरडी ओरडत नाही, नुसती रक्त दाखवते. त्या खिशांमधले जंतू जेवताना, घास चावताना रक्तात उतरतात, शरीर त्यांच्याशी लढत बसतं, त्यानं रक्तवाहिन्यांना सूज धरते आणि आधीच दमलेल्या हृदयावर आणखी भार पडतो. किडनीच्या पेशंटला तर हिरड्यांचा आजार जास्तच होतो, कारण पाणी कमी म्हणून तोंड कोरडं. “हिरड्या बऱ्या केल्या की हृदय बरं होईल, अशी हमी मी देणार नाही,” ती म्हणाली. “तसं कोणीच देऊ शकत नाही. पण तुमच्या डॉक्टरांना हवं असलेलं जंतूंचं ठाणं हेच असावं, असं मला वाटतं.” मग तिनं सहज विचारलं, “काका, जेवल्यावर चूळ भरता ना?”

“नाही.”

“सकाळी दात घासल्यावर?”

“नाही. चूळ बंद केली. मोजून बंद केली.”

डॉक्टरनं हातातली सळई खाली ठेवली. गांगुर्डे मात्र तपशील द्यायला खुशीत होते. डायलिसिस सुरू झाल्यावर त्यांच्या मनात आलं की चूळ भरतो त्यातलं पाणी आत जात असणार. अंदाजावर ठेवतील तर ते गांगुर्डे कसले! संजना लहान असतानाची दुधाची बाटली माळ्यावर होती, मिलिलीटरच्या खुणांची. तीतून पन्नास मिलिलीटर पाणी तोंडात घेतलं, खुळखुळवलं, परत बाटलीत सोडलं. पंचेचाळीस भरलं. पुन्हा केलं, पुन्हा पंचेचाळीस. म्हणजे दर चुळीला पाच मिलिलीटर चोरून पोटात जातंय. दिवसाच्या सगळ्या चुळांची बेरीज केली तर अर्धा कप चहा होत होता. मग त्यांनी सौदा केला. चूळ सोडली आणि संध्याकाळी अर्धा कप चहा घेतला.

“चुळीशिवाय पेस्ट निघत नाही, म्हणून पेस्ट सोडली,” ते सांगत होते. “शिवाय पेस्टमध्ये मीठ असतं, जाहिरातच करतात. ओल्या फडक्यानं दात पुसायचो. पुढं रक्त यायला लागलं तसं तेही बंद केलं, कशाला उगाच जखम चाळवा.”

मी अंगणवाडी सेविका आहे. सातपूरच्या आमच्या वस्तीत, बुद्धविहाराच्या शेजारच्या खोलीत, खिचडीच्या आधी आणि नंतर मी तीस-तीस पोरांना ओळीत उभं करून चुळा भरायला लावते. जो भरत नाही त्याचा कान धरते. आणि माझ्या घरातला हा चोपन्न वर्षांचा बालक दोन वर्षं कोरड्या तोंडानं फिरत होता! मला इतका संताप आला की मी स्टुलावरून उठले. “अहो, न्हाणीघरात कोण कोणाच्या चुळा मोजायला जातं? मला एका शब्दानं विचारायचं तरी! अर्ध्या कप चहासाठी जीव देणार होतात?”

ते खाली बघून म्हणाले, “संध्याकाळी तू चहा घ्यायचीस. तुझ्याबरोबर घ्यावासा वाटायचा.”

मी पुन्हा स्टुलावर बसले.

डॉक्टर निकिता मात्र त्या पाच मिलिलीटरला सोडायला तयार नव्हती. “काका, ते पोटात गेलं कशावरून? थोडं गालाला लागलं, थोडं जिभेला, थोडं ओठावरून ओघळलं. कोरडं फडकं ओलं होतं तसं तोंड ओलं झालं. हवंच होतं ते.”

गांगुर्डेंनी छताकडे बघत बोटांवर हिशेब केला. मग म्हणाले, “प्रोसेस लॉस. मी प्रोसेस लॉस धरलाच नाही.” कारखान्यात माल घडवताना थोडा कीस उडतो, थोडं तेल सांडतं, तो हिशेब धरावाच लागतो म्हणतात. पंचवीस वर्षं दुसऱ्यांना हेच शिकवलेला माणूस स्वतःच्या तोंडात तो विसरला होता.

पण नुसत्या बोलण्यावर मान डोलावतील तर ते गांगुर्डे नव्हेत. डॉक्टरनं तेही ओळखलं. “डायलिसिसला दर वेळी तुमचं वजन करतात ना? दोन डायलिसिसच्या मध्ये जे वजन वाढतं ते पाण्याचं. आठवडाभर वाटेल तेवढ्या चुळा भरा, फक्त गिळू नका. वजन जास्त वाढलं तर मी चुकले.”

त्या आठवड्यात आमच्या घरात नुसता खुळखुळाट होता. उठल्यावर चूळ, खाल्ल्यावर चूळ, तहान लागली की चूळ. आणि डायलिसिसच्या दिवशी काट्यावर चढले तर वजन नेहमीपेक्षा कमी वाढलेलं! गांगुर्डे उतरले, परत चढले. काटा बिघडलाय म्हणाले, आणि खात्री करायला त्यांनी नर्सबाईंना काट्यावर उभं राहायला सांगितलं. त्या बाई त्यांच्याशी आठवडाभर बोलल्या नाहीत. कारण साधं होतं. तोंड ओलं राहिल्यानं तहानच कमी लागत होती, पेल्याची शेवटची खूण न पिताच उरत होती. दोन वर्षं ज्या चुळीला चोर ठरवलं, ती राखण करणारी निघाली.

मग त्यांनी डॉक्टर निकिताला तो महत्त्वाचा प्रश्न विचारला. “रिजेक्ट, का रीवर्क?”

तिला शब्द लगेच कळला. “वरच्या दोन दाढा रिजेक्ट. बाकी सगळं रीवर्क.”

दाढा काढायच्या म्हटल्यावर सहादू आला. सहादू यांच्या खात्यातला लेथवरचा माणूस, दिंडोरीकडचा, जिवाला जीव देणारा आणि सल्ले फुकट वाटणारा. “वहिनी, वरच्या दाढा काढू देऊ नका. लय वाईट. वरची दाढ अन् डोळा याची एकच शीर हाय. आमच्या चुलत्याची काढली, डोळा गेला ना त्याचा.”

“किती वर्षांचा होता चुलता?”

“आसंल ऐंशी-पंच्याऐंशीचा.”

मी हसले, पण गांगुर्डेंचा चेहरा उतरला. त्यांची सगळी नोकरी डोळ्यावर होती. डॉक्टरनं समजावलं की दाताची शीर वेगळी, डोळ्याची वेगळी. किडनीच्या डॉक्टरांनीही होकार दिला, आणि डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी, रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा असर उतरल्यावर, दाढा काढायचं ठरलं. दाढा निघाल्या. गालात कापूस धरून गांगुर्डे घरी आले ते थेट कपाटाकडे गेले, व्हर्नियर काढलं, माझी बांगडी मागून घेतली आणि खिडकीशी उभं राहून तिचं माप घेतलं. मग माझ्याकडे वळून कापसाच्या आतून म्हणाले, “ओके.” माप त्यांना दिसलं होतं, अगदी शेवटच्या बारीक रेघेपर्यंत.

पुढचे काही महिने रीवर्कचे. डॉक्टर एकेका बाजूच्या हिरड्या भूल देऊन खालपर्यंत साफ करायची, मधे बऱ्या होऊ द्यायची, मग दुसरी बाजू. मऊ ब्रश दिला, दातांच्या फटीत घालायचा छोटा ब्रश दिला, चूळ भरून टाकून द्यायचं औषध दिलं. गांगुर्डेंनी ब्रश असा धरायला सुरुवात केली की जणू त्यानं एखादा बुश पॉलिश करायचाय. आधी उशीवरचे डाग गेले. मग वास गेला. मग एक दिवस माझ्या लक्षात आलं की कणकण येऊन बरेच दिवस झाले. मी बोलले नाही, दृष्ट लागेल म्हणून. मानत नाही मी असलं काही, पण तरी बोलले नाही.

फेरतपासणीच्या दिवशी मी त्याच स्टुलावर बसले होते. हे आकडे चुकले तर ऑपरेशन पुढे जाणार होतं, आणि किती पुढे ते कोणालाच ठाऊक नव्हतं. सळई हिरडीखाली सरकली.

“तीन. दोन. तीन. तीन.”

मी पदराआड बोटांवर मोजत होते.

“तीन. चार. तीन. दोन. दोन. तीन.”

त्या एका चारवर गांगुर्डेंनी हात वर केला. “तो चार कुठं आहे?”

“मागच्या दाढेला. तेवढा चालतो काका, लक्ष ठेवू आपण.”

“चालतो म्हणजे काय? रीवर्क करा.”

“काका, ओके आहे,” डॉक्टर म्हणाली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. माझे तर आधीच वाहत होते. मदतनीस बाईंनी तो किडनी ट्रे बाजूला ठेवला आणि मला कापूस दिला डोळे पुसायला.

रक्तातला तो चढलेला आकडा उतरला. हृदयाच्या डॉक्टरांनी पुन्हा सोनोग्राफी केली. भिंत जाड ती जाडच होती, पण पंप आणखी हलका झाला नव्हता. त्यांनी होकार दिला. भूल देणाऱ्यांनी होकार दिला. किडनीच्या डॉक्टरांनी नवी तारीख लिहिली आणि पहिल्यांदाच आमच्यासमोर हसले. मी शेजारणींना सांगत सुटले, “माझी किडनी सासरी निघालीय. सासरच्या घराची साफसफाई मी स्वतः करून घेतलीय.”

ऑपरेशनच्या सकाळी आम्ही दोघांनी त्रिशरण-पंचशील म्हटलं. दोन स्ट्रेचर शेजारी शेजारी आले. गांगुर्डे म्हणाले, “विमल, माल चांगला पाठव हं.” मी म्हटलं, “बिनतपासणीचा घ्या. तक्रार आली तर बघू.” मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू. छत सरकायला लागलं आणि मी फक्त त्यांच्या पेल्यावरच्या खुणा आठवत राहिले.

शुद्धीवर आले तेव्हा संजना कानाशी ओरडत होती, “आई, चालू झाली! टेबलावरच चालू झाली! बाबांना लघवी होतेय!” लघवी झाली म्हणून कोणी पेढे वाटलेले तुम्ही पाहिलेत का? सहादूनं वाटले. कंपनीच्या गेटवर उभं राहून वाटले, आणि मला फोन करून म्हणाला, “वहिनी, जितलं आपुन! आजाराला पानी पाजलं गांगुर्डेंनी!”

मला उठून चालायची परवानगी मिळाली तशी मी टाके धरून, भिंतीचा आधार घेत त्यांच्या खोलीच्या काचेशी गेले. आत कोणाला सोडत नव्हते. गांगुर्डे पलंगावर टेकून बसले होते, तोंडाला मास्क, तो फक्त दात घासायला खाली केलेला. आजारानं चेहऱ्यावर आलेला राखेसारखा रंग गेला होता. त्यांनी मऊ ब्रशनं दात घासले, चूळ भरली, नर्सनं धरलेल्या ट्रेमध्ये टाकली. शिस्तीत. तेवढ्यात डॉक्टर आत आले, पिशवीतली लघवी बघितली, काहीतरी बोलले. काचेतून ऐकू आलं नाही, पण नर्सनं मोठा ग्लास काठोकाठ भरून त्यांच्या हातात दिला तेव्हा मला कळलं. आता पाणी प्यायचं. मोजून नाही, भरपूर.

गांगुर्डे त्या ग्लासकडे बघत राहिले. मग त्यांनी गाल फुगेपर्यंत पाणी तोंडात घेतलं. सवयच ती, पाणी इकडून तिकडे खुळखुळवलं. नर्सनं पाहिलं आणि तिनंही सवयीनं किडनी ट्रे पुढे केला.

त्यांची नजर ट्रेवर गेली. मग काचेकडे, माझ्याकडे. गाल तसेच फुगलेले. आणि त्यांनी हात पुढे करून तो ट्रे हळूच बाजूला सारला, डोळे मिटले आणि सगळं पाणी गिळून टाकलं. गळ्याची घाटी खाली-वर झालेली मला काचेतून दिसली.

मी मोठ्यानं हसले, टाके ताणले गेले, आई गं म्हणून ओरडले, तरी हसतच राहिले. आत गांगुर्डेंनी ग्लास संपवला, नर्सपुढे धरला आणि पुन्हा भरायला सांगितला.